दारामागे लिफ्ट आहे का

आमची लेक लिफ्ट मेकॅनिक आहे. हे मी आता एका दमात सांगते. पहिली दोन वर्षं कोणी विचारलं की 'ती इंजिनिअरिंगच्या कामात आहे' असं म्हणून मी विषय बदलायची. एकदा शेजारीण घरात असताना लेकीने ते ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "आई, आपली लिफ्ट बंद पडते तेव्हा पण तू विषयच बदलतेस का?" त्यानंतर मी बदलला नाही.

ती सव्वीस वर्षांची आहे. उंची बेताची, मनगटं मात्र अशी की लोणच्याच्या बरणीचं झाकण घरात तीच उघडते. कंपनीत अकरा मेकॅनिक, त्यात बाई ही एकटी. सगळे तिला 'पाना' म्हणतात. पहिल्या दिवशी तिला सांगितलं होतं, तू नुसती बघ, अवजारं उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी ही स्वतःचा बारा-तेराचा पाना घेऊन हजर. नाव तिथेच चिकटलं. आता साहेबसुद्धा हजेरीच्या वहीत बघून तिचं खरं नाव आठवतात.

तिला घडवलं ते वस्तादांनी. साठीला टेकलेला माणूस, बोलणं तोलून मापून, डाव्या हाताचं एक बोट अर्धंच. शिकवण्याची त्यांची रीत एकच: हिला शाफ्टच्या, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली होते तिच्या, तोंडाशी उभं करायचं आणि विचारायचं, "दारामागे लिफ्ट आहे का?" आहे म्हणाली तर, "बघितलीस की मानलीस?" हे वर्षभर चाललं. आजही आमच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की ती आधी खाली बघते, केबिनची जमीन दिसली की मगच पाऊल टाकते. मीही तसंच करायला लागले आहे. तिचे बाबा म्हणतात, दोघी लिफ्टला नमस्कार करून आत शिरता.

माझी भीती मी लपवलेली नाही. म्हणून आमच्यात एक ठराव आहे. शाफ्टमधलं काम संपवून ती बाहेर आली की मला दोन शब्द पाठवते: 'वर आले.' दिवसातून कधी चार वेळा, कधी सहा. दोन निरोपांच्या मधल्या वेळात मी भाजी निवडते, कपडे घड्या करते, आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडते.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत एक नवा हेल्पर लागला होता. आठवा दिवस असेल. दुरुस्तीसाठी केबिन वर नेलेली, खालच्या मजल्यावरचं दार किल्लीने उघडलेलं, आणि तो बोलता बोलता आत पाऊल टाकायला गेला. एकच मजला पडला, खालच्या खड्ड्यात. पाय मोडला, जीव वाचला. तेव्हापासून नव्या मुलांना तीन दिवस वर्गात बसवतात. पडद्यावर नियम दाखवतात, खाली सही घेतात. आमची लेक त्याला पालथ्या घड्यावर पाणी म्हणते. तिच्या मते ती मुलं नियम पाठ करून बाहेर येतात आणि पहिल्याच दारापाशी विसरतात, कारण चूक करून बघायला त्यांना कोणी दिलेलंच नसतं. खऱ्या शाफ्टमध्ये तशी चूक करायला मिळते ती एकदाच.

या वर्षी वस्ताद निवृत्त होणार म्हणून साहेबांनी प्रशिक्षकाची जागा काढली. एका गुरुवारी सकाळी इच्छुकांनी आपापली शिकवण्याची रीत करून दाखवायची आणि त्यावरून निवड व्हायची. ती जागा हिला मिळावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, ते सरळ स्वार्थापोटी. प्रशिक्षक आठवड्यातले चार दिवस वर्गात असतो. म्हणजे माझे चार दिवस सुटले. तिचा हेतू वेगळा होता. निवडीनंतरच्या महिन्यात पाच नवी मुलं येणार होती आणि त्यांचा पहिला आठवडा तिला स्वतःच्या हातात हवा होता.

त्यासाठी तिने ठरवलं की संगणकावर खेळ बनवायचा. खेळणाऱ्याने इमारतीत शिरायचं, दुरुस्ती करायची, आणि चुकायचं असेल तर तिथे चुकायचं.

तिला प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो येत नव्हतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवारी सकाळी, असे चार महिने ती शिकली. मी समोर बसून माझं काहीतरी करत असायची. तिला बोलून विचार करायची सवय, त्यामुळे अर्धं शिक्षण माझंही झालं.

क्लास म्हणजे काय हे तिला पहिल्याच दिवशी समजलं. म्हणाली, हा तर मंजूर झालेला आराखडा. त्यात लिहिलेलं असतं की लिफ्टला मजला असतो, किती माणसं पेलते तो आकडा असतो, ब्रेक असतो, मेन स्विच असतो. पण आराखड्यात बसून कोणी पाचव्या मजल्यावर जात नाही. त्यावरून खरी लिफ्ट उभी करावी लागते, ती म्हणजे ऑब्जेक्ट. एका आराखड्यावरून शंभर लिफ्टा उभ्या करा, प्रत्येकीचा मजला वेगळा, प्रत्येकीचं दुखणं वेगळं. इतकं तर मलाही पटलं.

कन्स्ट्रक्टरपाशी, म्हणजे आराखड्यावरून लिफ्ट उभी करायच्या पायरीपाशी, मात्र तिची पहिली फजिती झाली. तिने बनवलेली पहिली लिफ्ट कोणालाच आत घेईना. दार उघडलं की जादा वजनाची घंटा वाजायची, आत चिटपाखरू नसताना. ती टेबलावर डोकं टेकून हसत सुटली. आराखड्यात 'किती माणसं' अशी जागा तिने ठेवली होती, पण लिफ्ट उभी करताना आकडा दिलाच नव्हता. न दिलेला आकडा संगणकाने शून्य धरला. शून्य माणसांची लिफ्ट, मग एक माणूसही जास्तच.

"हे तर आमचंच काम झालं," ती म्हणाली. नवी लिफ्ट इमारतीच्या ताब्यात देण्याआधी हे लोक दिवसभर तिला जुंपतात. वजनं ठेवून बघतात, ब्रेक आवळतात, प्रत्येक मजल्यावर ती नेमकी थांबते का ते मोजतात. ते सगळं झाल्याशिवाय चावी द्यायची नाही. कन्स्ट्रक्टर म्हणजे तीच तपासणी, ऑब्जेक्ट जन्माला येताना करायची. त्या दिवसापासून तिने असा नियम लिहिला की मजला, माणसं आणि स्विचची स्थिती सांगितल्याशिवाय लिफ्ट उभीच राहायची नाही. घंटा बंद झाली. पुढचे तीन महिने खेळ झरझर वाढला, आणि मलाही वाटायला लागलं की गंगेत घोडं न्हालं.

दाखवायच्या गुरुवारआधीच्या रविवारी तिने वस्तादांना घरी बोलावलं. त्यांनी माझ्याकडे बघून, "काय ताई, लेक मला म्हातारपणी खेळायला लावते," म्हटलं आणि चष्मा पुसून संगणकापुढे बसले.

आता त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. लिफ्टवर काम करण्याआधी मेकॅनिक मेन स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःचं कुलूप लावतो. कुलपावर त्याच्या नावाची पट्टी, किल्ली त्याच्याच खिशात. तो आत असेपर्यंत ते कुलूप दुसरं कोणी काढत नाही, साहेब आले तरी नाही. काढलं आणि कोणी स्विच चालू केला तर आतल्या माणसाचं काय होईल ते मी लिहीत नाही. आमच्या लेकीचं कुलूप लाल आहे, आणि इतर मुली कानातलं जपतात तशी ती त्याची किल्ली जपते.

खेळातल्या इमारतीत शेजारी शेजारी दोन लिफ्टा होत्या. वस्तादांनी डावीचा स्विच बंद केला, आपलं कुलूप लावलं, केबिनच्या माथ्यावर उतरण्याची तयारी केली. तेवढ्यात ते थांबले आणि उजवीकडे बघायला गेले. ही त्यांची चाळीस वर्षांची खोड. एक बंद करताना दुसरी चालू आहे ना हे बघायचं, नाहीतर वरच्या मजल्यावरचे म्हातारेकोतारे अडकून पडतात.

उजवीच्या स्विचलाही कुलूप होतं, त्यांच्याच नावाची पट्टी असलेलं.

"हे मी लावलेलं नाही," वस्ताद म्हणाले.

लेक म्हणाली की चित्र दोनदा उमटलं असेल, उजवीकडचं काढून टाका. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिने सांगितलं म्हणून उजवीकडचं कुलूप काढलं. पडद्यावर डावीकडचंही गेलं. उजवीचा स्विच चालू केला, तर डावीकडची केबिन हलली.

वस्तादांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझं कुलूप लागलं म्हणजे मी डावीच्या शाफ्टमध्ये होतो पोरी. तू आत्ता मला मारलंस."

आवाज चढला नव्हता. चहा तसाच ठेवून ते उठले. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले की गुरुवारी असं झालं तर जागा जाईल, ती जाऊ दे. पण कुलूप आपोआप निघतं असं एखादं पोर शिकलं, तर त्यापेक्षा तो तीन दिवसांचा वर्ग बरा.

दुपारभर ती संगणकापुढे होती. कुलपाचं चित्र बदललं, पट्टीचा रंग बदलला, स्विचची सगळी कलमं पुन्हा वाचली. इथेच घोडं पेंड खातंय हे कळत होतं, पण 'इथे' म्हणजे कुठे ते सापडत नव्हतं. मी दोनदा जवळ जाऊन परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, आई, तू येरझाऱ्या घालतेस ते मला पाठीला कळतं. मग मी दुसऱ्या खोलीत येरझाऱ्या घातल्या.

सोमवारी सकाळी ती कामावर गेली. साडेअकराला निरोप आला: 'वर आले. कळलं.' पुढे काही नाही. संध्याकाळपर्यंतची वेळ मी त्या तिसऱ्या शब्दावर काढली.

झालं होतं असं. ती एका जुन्या इमारतीत तक्रार बघायला गेली होती. चौथ्या मजल्यावरच्या काकू दर महिन्याला फोन करतात. त्यांचं म्हणणं असं की आमच्या मजल्यावरची लिफ्ट बाद आहे, तिसऱ्यावरची चांगली चालते, तर आमची तेवढी बदलून द्या. मेकॅनिक मंडळी हा किस्सा चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगून हसतात. ती काकूंना नेहमीसारखं समजावत होती, की काकू, दार तुमचं वेगळं आहे, बटण वेगळं आहे, मागे लिफ्ट एकच आहे. आणि वाक्य अर्धं झाल्यावर ती स्वतःच गप्प झाली. काकूंना वाटलं, अखेर हिला पटलं.

संध्याकाळी तिने मला कागदावर काढून दाखवलं. दोन दारं काढली, एकावर 'डावी' लिहिलं, दुसऱ्यावर 'उजवी'. मागे एकच चौकोन काढला आणि दोन्ही दारांपासून त्या चौकोनापर्यंत बाण ओढले.

"मी काय केलं होतं ठाऊक आहे? डावी नवीन म्हणून उभी केली. उजवी शुक्रवारी घाईत लावली, इमारत भरलेली दिसावी म्हणून. तिथे लिहिलं, उजवी बरोबर डावी. मला वाटलं, तशीच दुसरी मिळेल. त्याने दुसरी दिलीच नाही, त्याच लिफ्टचा पत्ता पुन्हा दिला."

हा बाण म्हणजे रेफरन्स. नाव म्हणजे लिफ्ट नव्हे, लिफ्टकडे जायची वाट. वाटा दोन असल्या म्हणून घरं दोन होत नाहीत. खेळून बघताना ती कायम डावीच वापरत होती, म्हणून रविवारपर्यंत काही कळलं नाही. कुलूप एकाच लिफ्टला लागलं होतं, फक्त दोन दारांतून दिसत होतं.

"इतकी वर्षं त्या काकूंना हसले," ती म्हणाली, "आणि मीच चौथा मजला निघाले."

एक ओळ बदलली. उजवीसाठीही नवी लिफ्ट उभी केली, कन्स्ट्रक्टरला तिचा मजला, तिची माणसं, तिचा स्विच दिला. मग डावीला कुलूप लावलं आणि उजवीतून वरखाली फिरून आली. कुलूप जागचं हललं नाही. मला वाटलं, सुटलो. मी पानं वाढायला घेतली.

पण ती उठेना. वस्तादांचा प्रश्न आता तिने त्यांच्याशिवाय स्वतःला विचारला: उजवी दुरुस्तीला काढून नेली, बाण कुठेच जात नाही, आणि खेळणाऱ्याने दार उघडलं तर? तिने करून बघितलं. खेळ जागच्या जागी बंद पडला. पडद्यावर लाल ओळ आली, की ज्या वस्तूकडून काम मागताय ती तिथे नाही. मी वाढलेली पानं झाकून ठेवली. तिचा चेहरा मात्र उजळला.

"आई, हाच तो रिकामा शाफ्ट. दार आहे, मागे काही नाही. आणि मी न बघता पाऊल टाकलं."

संगणकालाही वस्तादांचाच नियम लागतो, तर. बाणापलीकडे काही आहे का हे आधी विचारायचं, मग पाऊल. प्रत्येक दारापाशी तिने तो प्रश्न लिहिला. आता खेळ बंद पडत नव्हता. खेळणाऱ्याने न बघता पाऊल टाकलं, तर पडदा थबकायचा आणि एकच ओळ यायची: दारामागे लिफ्ट आहे का? पडताना तिने कोणाला दाखवलं नाही. त्या हेल्परचा पाय तिने स्वतः खड्ड्यात उतरून बांधला होता. ते चित्र काढायची तिची इच्छा नव्हती.

मंगळवारी आणि बुधवारी तिने वस्तादांना पुन्हा बोलावलं नाही. मी सुचवलं, तर म्हणाली, गुरुवारी येतीलच, आणि तिथे त्यांनी पुन्हा सगळं तपासलेलं मला हवंय.

गुरुवारचं मला वस्तादांनीच फोनवर सांगितलं. कार्यालयात नऊ-दहा जण होते. हिच्याआधी एकाने नियमांची झकपक चित्रं दाखवली, साहेबांना आवडलीही होती. हिने संगणक मांडला तेव्हा वस्ताद न बोलावता पुढे झाले. डावीला कुलूप लावलं आणि तडक उजवीकडे गेले. उजवी चालू होती. तरी त्यांनी तीनदा करून बघितलं, कुलूप काढून, लावून, उलट बाजूने. मग बाजूला सरकले आणि साहेबांना म्हणाले, बसा.

साहेब पंधरा वर्षांपूर्वी मेकॅनिक होते, आता टेबलापलीकडे असतात. ते बसले, हसत हसत पहिले दोन मजले केले. तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी फोन वाजला, त्यांनी तिकडे बघत दार उघडलं आणि पुढे चालले. पडदा थबकला. दारामागे लिफ्ट आहे का?

साहेबांनी हात कळफलकावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. मग विचारलं, "फोन तू मुद्दाम वाजवलास?"

"नाही साहेब," ही म्हणाली. "त्या दिवशीही कोणी मुद्दाम बोलत नव्हतं."

जागा हिला मिळाली. साहेबांनी तिथेच सांगितलं. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते आणि मनात चार दिवस मोजून घेत होते. पण वस्तादांचं सांगणं संपलं नव्हतं. जागा घेताना हिने एक अट घातली. खेळ सोमवारी आणि मंगळवारी. बुधवारपासून पाचही मुलं तिच्याबरोबर खऱ्या इमारतीत, आणि शाफ्टमध्ये सगळ्यांच्या आधी ती उतरणार. वर्गात बसून उंटावरून शेळ्या हाकायला कोणीही चालेल, म्हणाली, मग माझी काय गरज? साहेबांनी मान्य केलं.

"म्हणजे वस्ताद," मी म्हटलं, "माझे दोनच दिवस सुटले."

"ताई, पाच घरांत आता तुमच्यासारखं कोणीतरी बसणार," ते म्हणाले. "त्यांचा विचार करा."

तो विचार मी केला. रात्रीच्या जेवणानंतर तिच्याशी एवढंच बोलले की आपल्या दोन शब्दांचा नियम त्या मुलांनाही लाव. ती म्हणाली की तो आधीच लिहून ठेवलाय, कुलूप लावणं आणि किल्ली खिशात ठेवणं यांच्या खाली, तिसरा.

परवाचा बुधवार त्यांचा पहिला. दहा वाजता ती पाच जणांना घेऊन एका आठ मजली इमारतीच्या शाफ्टमध्ये उतरली. मी भाजी एकदाच निवडली. कपड्यांच्या घड्या केल्या. सव्वाबारापर्यंत फोन दोनदा उचलून बघितला, एरवी दहादा बघते. बारा वाजून चाळीस मिनिटांनी निरोप आला. या वेळी शब्द तीन होते.

'सहाही जण वर.'